सकाळी शिफ्ट, मध्यरात्री जॅझ

‘हे जॅझ वाजवणारे लोक येतात कुठून, आणि त्यांचं घर चालतं कशावर?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता एकदाच नीट लिहून टाकतो. प्रश्नाच्या मागोमाग बहुतेक वेळा एक वाक्यही येतं: ‘गोव्याच्या लोकांच्या रक्तातच असतं म्हणा ते.’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आधी हे रक्ताचं प्रकरण बाजूला ठेवू. रक्तात असतं तर मेस्त्रीच्या हातातल्या छडीची गरज पडली नसती.

मेस्त्री म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक. आपण गवंड्याला किंवा सुताराला मेस्त्री म्हणतो तोच शब्द, पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडून शाळा होत्या. तिथे मुलांना अक्षरं, धर्माची प्रश्नोत्तरं आणि संगीत एकाच दमात शिकवलं जाई. पहिले कित्येक महिने वाद्याला हात लावायचा नाही. समोर पाच रेघांचं नोटेशन, एका हाताने ताल आणि तोंडाने दो-रे-मी. याला सोल्फेज म्हणतात. स्वर आधी डोळ्याने ओळखायचा, मग गळ्याने काढायचा, मग कुठे व्हायोलिन हातात येणार. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, मिरवणुकीसाठी पितळी वाद्यांचा बँड लागे, त्यामुळे त्यातली चार मुलं ट्रम्पेट-क्लॅरिनेटकडे वळत. चर्चमध्ये गाणं चार आवाजांत चालायचं. बारा वर्षांच्या मुलाच्या कानावर चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी पडत, आणि आपली चाल न सोडता बाकीच्या तीन ऐकायची सवय लागत असे. आपल्याकडे पेटीवर बसून शिकणाऱ्या मुलाला ही एक गोष्ट मिळत नाही. पुढे जॅझमध्ये नेमकी हीच उपयोगी पडते.

गावात एवढ्या वादकांना काम कुठून असणार? लग्न, फेस्त, मयत, बस्स. म्हणून मुंबई. धोबीतलाव, कावेल, माझगाव भागात गावागावाच्या कुडी होत्या. कूड म्हणजे एका गावातल्या लोकांनी चालवलेलं सामाईक बिऱ्हाड. थोडं भाडं, एक ट्रंक, एक वळकटी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. कामाची खबर तिथेच लागे. मूकपटांच्या काळात थिएटरांत पडद्याखाली बसून वाजवणारे वादक लागत. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलायला लागला आणि ती जागा गेली. उरलं ते बोटींवर, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचांत, संस्थानिकांच्या बँडमध्ये आणि हॉटेलांत. थंडीत मुंबई-कलकत्ता, उन्हाळ्यात साहेब लोकांमागे मसुरी-दार्जिलिंग. नाचाच्या हॉलमध्ये व्हायोलिनचा आवाज मागच्या टेबलापर्यंत पोचत नाही, म्हणून व्हायोलिनवाल्याने सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट उचलायचं. वाचन तेच, ताल तोच. फक्त ओठ नवे घडवायचे, आणि त्यात वर्ष सहज जातं.

इथपर्यंत जॅझ आलेलंच नाही, हे लक्षात घ्या. मुंबईत ते खऱ्या अर्थाने आलं १९३५ साली, ताज हॉटेलात. लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईत उतरला. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आला, आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही. वेदरफोर्डने शिकागोत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलं होतं. पुढे तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला. या लोकांना ऐकून, आणि काही जणांना त्यांच्या बँडमध्ये बसून, आपल्या वादकांना कळलं की कागदावर जे दिसतं ते आणि वाजवायचं ते यांत फरक आहे.

हा फरक मोजून सांगता येतो. नोटेशनमध्ये एका मात्रेचे दोन सारखे भाग लिहिलेले असतात. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड पडतो, मध्यम लयीत साधारण दोनास एक. लय वाढवत नेली की हा फरक कमी होत जातो, आणि फार द्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ सारखेच होतात. शाळेत सरळ वाचायला शिकलेल्या माणसाची चूक इथेच होते. तो सगळीकडे सारखंच वाजवतो, आणि ते लष्करी कवायतीसारखं ऐकू येतं. ते दाखवून दिलं की तो उलट टोकाला जातो, द्रुत लयीतही दोनास एक ठेवतो, मग ते घोड्याच्या दुडक्या चालीसारखं होतं. हे कुठल्याच कागदावर नीट लिहिता येत नाही, ऐकूनच घ्यावं लागतं.

ऐकायचं कशावर? ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीवर. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. सुई उचलून तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा, तबकडी झिजेपर्यंत. पुढे एलपी, म्हणजे तेहेतीस फेऱ्यांच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या, आल्या तेव्हा काही रेकॉर्डप्लेअरवर सोळाचा वेग असायचा. तेहेतीसची तबकडी सोळावर लावली की लय निम्मी होते आणि सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो, त्यामुळे पट्टी तीच राहते आणि द्रुत तान एकेक स्वर सुटी ऐकू येते. अमेरिकेतून छापील नोटेशनचे संच येत, त्यांतून सगळ्या बँडचं एकत्र वादन बसवता येई. पण सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, तिथे लिहिलेला नसतो. तो बारा किंवा बत्तीस बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) आवर्तनावर तिथल्या तिथे रचायचा. ब्लूज या प्रकाराचं बारा बारांचं आवर्तन तर कुणालाही पाठ करता येईल: चार बार षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर), दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा, शेवटचे दोन षड्जाचे. चुकणारा माणूस बहुधा सातव्या-आठव्या बाराला चुकतो. कॉर्ड षड्जावर परत आलेली असते, त्याला वाटतं आवर्तन संपलं, आणि तो चार बार आधीच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

हे सगळं वाजवायचं कधी? हॉटेलच्या पाहुण्यांना नाचायचं असे. त्यांना फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा हवा. मिकी कुरैया यांचा बँड ताजमध्ये दोन दशकं होता तो शिस्तशीर डान्स बँड म्हणून. आल्डोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ग्रीन्स हॉटेलात वाजवत, जिथे आज ताजचा टॉवर उभा आहे. त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. टेनर सॅक्सोफोनवर नाव काढणारे रूडी कॉटन मूळचे पारशी, कावसजी खटाव. या सर्वांचं जॅझ पाहुणे पांगल्यावर, उशिरा, एकमेकांसाठी. त्या तासाचे पैसे नसत.

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. खुद्द आर्मस्ट्राँग नोटेशन वाचायला शिकला तो मिसिसिपीवरच्या आगबोटींवर, फेट मॅरेबलच्या बँडमध्ये. तिथे प्रवाशांना नाचवणं हेच काम होतं, आणि वादक त्या नोकरीला गमतीने संगीतशाळा म्हणत. न्यूयॉर्कमध्ये तर दारू विकणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागे. पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ साली गेलं ते १९५७ पर्यंत मिळालं नाही. तेवढी वर्षं आपल्याच शहरातल्या क्लबांत त्याला वाजवता आलं नाही.

मुंबईत कार्ड नव्हतं, पण दारूबंदी होती. १९४९चा कायदा झाला, पुढच्या वर्षी तो पुरता लागू झाला, आणि हॉटेलांच्या नाचांचा जीव अर्धा झाला. त्याआधीच फाळणीने लाहोरची हॉटेलं सुटली होती. तिथे बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत येऊन पोचले होते. नोटेशन वाचणारे एवढे वादक एकदम रिकामे, आणि दादर-ताडदेवला चित्रपटांचे स्टुडिओ वाढत चाललेले. पुढचा हिशेब सरळ होता.

संगीतकार चाल बांधायचे पेटीवर, सरगम मनात ठेवून. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पाच रेघांचं नोटेशन येत नसे. ती चाल ऐकून तीस-चाळीस जणांसाठी कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे अरेंजर. सेबॅस्टियन शंकर-जयकिशनचे अरेंजर झाले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट सोडून याच कामात शिरले आणि पुढे त्यांनी कोकणी चित्रपटही काढले. आपले चितळकर अण्णा, सी. रामचंद्र, चिक चॉकलेटना जोडीला घेऊन बसले, त्यातून १९५१च्या ‘अलबेला’चा बाज तयार झाला. भगवानदादांच्या मागे पडद्यावर जो बँड दिसतो तो खराच चिक चॉकलेटचा बँड आहे, भाड्याने आणलेले एक्स्ट्रा नव्हेत. श्रेयनामावलीत मात्र वाजवणाऱ्यांची नावं शोधू नका.

अरेंजरच्या कामातली मेख पट्टीत असते. पेटीवर काळी एक दाबली की काळी एकच वाजते. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन लिहिल्यापेक्षा खाली वाजतात, म्हणून ट्रम्पेटसाठी एक पूर्ण स्वर वर लिहायचं. आल्टो सॅक्सोफोनसाठी तर षड्जाच्या जागी शुद्ध धैवत, इतकं वर. आता गंमत बघा. गायकाची पट्टी काळी एक असेल तर ट्रम्पेटला तीन कोमल चिन्हांची पट्टी येते आणि आल्टोला दोनच. चिन्हं कमी तितकं वाजवायला सोपं, म्हणून दोन्ही हाताखालच्या. पण गाणं गिटारवाल्याच्या सोयीने पांढरी तीनमध्ये बसवलं तर ट्रम्पेटला सहा तीव्र चिन्हं आणि आल्टोला सात. ऐन रेकॉर्डिंगला गायिका म्हणाली, ‘अर्धा सूर खाली घेऊ या का,’ की तबला नव्याने मिळवून होतो, पेटीवाला एक पट्टी सरकतो, आणि सॅक्सोफोनवाल्याला अख्खा कागद मनातल्या मनात बदलून वाचावा लागतो. हे करू शकणाऱ्याला पुढच्या शिफ्टचं बोलावणं जाई.

कारण चुकायला जागा नव्हती. बहुट्रॅक ध्वनिमुद्रण रुळेपर्यंत सगळे वादक आणि गायक एकत्र, मोजक्या मायक्रोफोनांसमोर. एकाचा स्वर घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून. रीहर्सल त्याच सकाळी, टेक त्याच दुपारी. मेस्त्रीने लहानपणी गिरवून घेतलेलं सोल्फेज इथे रोकडं होत होतं. पैसे शिफ्टवर, दर वादकाच्या श्रेणीप्रमाणे. मग संध्याकाळी हॉटेल, आणि जीव उरला तर मध्यरात्री जॅझ. १९६८ साली शंकर-जयकिशननी सतारीवर रईस खान यांना घेऊन रागांवर जॅझची तबकडी काढली, तेव्हा या मंडळींना दिवसाउजेडी, पगारी जॅझ वाजवायला मिळालं. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आणि लेस्ली गोदिन्होंचे ड्रम्स ऐकण्यासाठी ती मुद्दाम शोधावी.

बायका या धंद्यात बहुतेक गाण्यापुरत्याच. लॉर्ना इथे मुंबईत, पॅम क्रेन कलकत्त्यात. मुंबईची आशा पुथली थेट अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीवर गायली. वाद्यावर बसणाऱ्या फार थोड्या. स्टुडिओत पियानोवर लुसिला पाशेको होत्या, त्या ठळक अपवाद.

सगळेच गोव्याचे होते असंही नाही. लुई बँक्स दार्जिलिंगचे, नेपाळी घरातले, वडील ट्रम्पेटवादक. कलकत्त्याच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमधून ते मुंबईत आले, आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवलं, जाहिरातींच्या जिंगल्सचं प्रचंड काम केलं. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि त्यांच्यासारख्यांना आपलं स्वतःचं संगीत मोठ्या व्यासपीठावर वाजवायला मिळालं ते ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवात. निरंजन झवेरी यांनी १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात तो सुरू केला, म्हणजे जुन्या कुडींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आला होता.

ऐंशीच्या दशकाअखेरीस कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आलं आणि चाळीस जणांचं काम दोघांवर आलं. आज मुंबई, पुणे किंवा गोव्यात जॅझ वाजवणाऱ्याचा महिना असा जमतो: शिकवण्या (त्यात परीक्षांच्या ग्रेड्स करून घेणं सर्वांत नियमित), हॉटेलच्या लॉबीतलं वादन, हिवाळ्यात लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम, अधूनमधून रेकॉर्डिंग, आणि या सगळ्याच्या फटीत जॅझ. उत्पन्नाची चढउतार मोठी. पावसाळा बहुधा शिकवण्यांवरच निघतो. लोअर परळच्या ब्लू फ्रॉग क्लबसारखी जागाही २००७ ते २०१६ एवढीच टिकली.

तेव्हा कुणाच्या मुलीला किंवा मुलाला या वाटेने जायचं असेल तर तयारी अशी. वाद्य कुठलंही असो, पियानोवर कॉर्ड लावता आल्या पाहिजेत, नाहीतर सोलो म्हणजे अंधारात चाचपडणं. पन्नासेक स्टँडर्ड गाणी, म्हणजे सगळे जॅझवाले वाजवतात ती, पाठ हवीत, आणि त्यातली निदान दहा-बारा कुठल्याही पट्टीत. मोबाइलवर कॉर्ड बघत वाजवणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. रोज वीस मिनिटं न पाहिलेलं नोटेशन वाचायचं, आणि चुकलं तरी थांबायचं नाही, पुढच्या बाराला गाडी पकडायची. वाचनात थांबणं ही चुकीच्या स्वरापेक्षा मोठी चूक, कारण बाकीचे पुढे गेलेले असतात. ट्रम्पेट असेल तर रोजचे लांब स्वर एकही दिवस चुकवायचे नाहीत. दोन आठवडे सुट्टी घेतली तर ओठ परत यायला तेवढेच दिवस लागतात, आणि घाईने वरचे स्वर काढायला गेलं की ओठ सुजतो. हॉर्नवाल्याने, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्याने, गिटारवाल्यांच्या पट्ट्या, म्हणजे पांढरी तीन आणि पांढरी सहा, मुद्दाम घटवून ठेवायच्या. आणि रेकॉर्डिंगला जाताना सोबत मऊ पेन्सिल आणि रबर न्यायचा, पेन नाही. अरेंजर टेकच्या आधी चार बार कापतो, टेक झाल्यावर त्यातले दोन परत घालतो.