मरळ नाही, पावती मिळाली: साकोली-अर्जुनीकडच्या तलावांवर दोन दिवस

गळ पाण्यात पडून पाच मिनिटंही झाली नसतील. सकाळचे साडेसहा, फेब्रुवारीतली थंडी, पाण्यावर वाफ. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सायकल ढकलत एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कॅरिअरला जाळ्याचं गाठोडं.

"कोनत्या गावचे जी?"

"नागपूरचे, काकाजी."

"पावती फाडली का?"

"कशाची पावती? तलाव तर सरकारी आहे ना?"

ते हसले. सायकल बाभळीला टेकवून म्हणाले, "पानी सरकारचं हाय जी. मासोळी आमची हाय."

या एका वाक्यात जे होतं ते कळायला मला दोन दिवस लागले. नागपूरहून दर रविवारी गाडीच्या टपावर रॉड बांधून निघणाऱ्यांना ते आधीच कळलेलं बरं, म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोघं होतो, मी आणि ऑफिसातला एक मित्र. शुक्रवारी संध्याकाळी निघालो, भंडारा-लाखनी करत साकोली गाठली. नागपूरपासून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला. मुक्काम भाऊजींकडे, ते तिकडच्याच एका गावात शिक्षक आहेत. ज्या तलावावर गेलो त्याचं नाव मुद्दाम देत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, नाव मी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं. पुढच्या महिन्यात गेलो तर पाळीवर नऊ गाड्या आणि धानाच्या बांधीत बिअरच्या बाटल्या. शेतकऱ्यानं मलाच ओळखलं. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

तर पावती. पूर्व विदर्भातले हे बहुतेक तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा हजारांवर आहेत. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे शेतकरी, धानाला पाणी मिळावं म्हणून. मासे धरणारे ढिवर, म्हणजे इथला मच्छीमार समाज. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव आज साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाणी शेतीला जातं आणि मासेमारीचा हक्क ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. ठेक्याची रक्कम संस्था भरते. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, विकत आणून सोडते ती रोहू, कटला आणि मृगळची. रात्री राखण करते आणि हिवाळा-उन्हाळ्यात जाळं टाकून मासे काढते. म्हणजे आपल्या गळाला लागलेला दीड किलोचा रोहू हा कुणीतरी बोटाएवढा असताना पैसे मोजून सोडलेला असतो. मी इतकी वर्षं तो निसर्गाचा प्रसाद समजत होतो.

पावती होती शंभर रुपयांची, एका रॉडला एक दिवस. माणशी दोनच रॉड, अंधार पडायच्या आत उठायचं, एक किलोच्या आतला रोहू-कटला परत सोडायचा, आणि जाळं टाकायच्या दिवशी कुणालाच गळ नाही. हा त्या संस्थेच्या सभेत ठरलेला दर. शेजारच्या गावात तो वेगळा असेल, कुठे गळ मुळीच चालत नसेल. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं कुणाला तेही माहीत हवं. पानठेल्यावर "इथली मच्छीमार संस्था कोणाची?" एवढं विचारलं की ढिवर मोहल्ल्याचा रस्ता दाखवतात. तिथे अध्यक्ष किंवा सचिव भेटतात. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी जा, दिवसा माणसं पाण्यावर असतात.

"पण गावकरी तर फुकट गळ टाकतात!" ही तक्रार माझ्या मित्रानं केलीच. मीही आधी केली असती. पण विदर्भात निस्तार, म्हणजे गावकऱ्यांचा सामायिक वापराचा हक्क, ही जुनी गोष्ट आहे. गावाच्या पाण्यावर गुरं कोणी न्यायची, सरपण कुठून आणायचं, हे निस्तारपत्रकात नोंदलेलं असतं. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. पाणी, वाट आणि मासेमारी यांबाबत गावाचा जो रिवाज असेल तो त्यात लिहितात. हे कागद नागपूरच्या पाहुण्यासाठी नाहीत, त्या गावासाठी आहेत. भाऊजी म्हणाले, पटवाऱ्याकडे जाऊन विचारा एकदा, चहा पण पाजेल. आम्ही गेलो नाही, पण तुम्हाला वाद घालायची हौस असेल तर तो पाळीवर न घालता तिथे घाला. आणि गडचिरोलीकडे जाणार असाल तर ग्रामसभेला आधी विचारा. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालच्या, गावांत लहान जलसाठ्यांच्या कारभारात तिला अधिकार आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासेही आहेत.

आता माझी फजिती. दुपारी अकराच्या सुमारास सांड्याजवळ, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं तिथे, मरळीच्या आशेनं रबरी बेडूक लांब फेकला. ओढताना जड लागलं. मोठी मरळ! मी रील फिरवतोय, मित्र मोबाइल काढतोय. वर आलं ते जाळं. रात्री लावून ठेवलेलं, वर तरंगायला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या. त्या बाटल्या मला सकाळपासून दिसत होत्या आणि मी मनातल्या मनात कचरा करणाऱ्यांना शिव्या देत होतो. तिहेरी हुक चार ठिकाणी रुतला होता. घाईत सोडवताना जाळ्याची आणखी दोन घरं फाटली.

काकाजी डोंगा घेऊन आले. ओरडतील म्हणून मी आधीच खिशात हात घातला. ते काही बोलले नाहीत. जाळं मांडीवर घेतलं, फाटलेल्या घरांच्या कडा दाताने नीट केल्या, कमरेच्या पिशवीतून बांबूची चपटी सुई काढली, तिच्यात नायलॉनचा धागा भरलेला होताच. डाव्या हाताच्या दोन बोटांवर घराचं माप घ्यायचं, सुई वरून घालून खालून काढायची, गाठ ओढताना अंगठ्यानं दाबायची. माप घ्यायला दुसरं काही नाही, फक्त बोटं. सहा घरं व्हायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. किती पैसे देऊ विचारलं तर म्हणाले, "धाग्याचे द्या न जी, वीस रुपये." मी शंभर पुढे केले, त्यांनी ऐंशी परत दिले.

तेव्हा बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, बांबूच्या काठ्या ओळीनं दिसल्या की तिथे फेकू नका. शिंगाड्याची वेल पसरलेली असेल तिथेही नाही. ते कुणाचं तरी पीक आहे, बहुतेक वेळा त्याच ढिवर कुटुंबांचं. आणि उथळ कडेला जी पाणवनस्पती असते ती तुडवत आत जाऊ नका. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी काही तलावांतलं बेशरम हे परकं झुडूप उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. देशी मासे अंडी घालतात ते तिथेच. मला आधी तो नुसता चिखल वाटायचा.

संध्याकाळपर्यंत मिळालं काय? दोन मृगळ, दोन्ही लहान, दोन्ही परत. आमिष म्हणून कणकेत सरकीची ढेप मळून गोळे केले होते. मित्राच्या मते ढेप जुनी होती. माझ्या मते आम्हीच.

दुसरा दिवस रविवार. मित्राला मोठं पाणी बघायचं होतं म्हणून एका धरणावर गेलो, नाव राहू द्या. फाट्यावर एका पोरानं गाडी अडवून पन्नास घेतले, पार्किंगचे. भिंतीजवळ दुसऱ्यानं पन्नास, तेही पार्किंगचे. पाण्याजवळ पोचलो तर मोटारसायकलवरून तिसरा आला, "मासोळीचे दोनशे." पावती मागितली तर म्हणाला, मीच पावती. दिले, कारण भांडायची ती जागा नव्हती. तासाभरानं संस्थेचा खरा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. तो मोटारसायकलवाला कोण, हे त्यालाही माहीत नव्हतं. पुन्हा पैसे. चूक माझीच, शनिवारी शिकलेलं रविवारी विसरलो. छापील पावतीपुस्तक, त्यावर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. एवढं नसेल तर खिशात हात घालू नका.

गर्दीचं तर विचारू नका. भिंतीलगतच्या शंभर पावलांत तीसेक रॉड. एकाची दोरी दुसऱ्याच्या दोरीत, त्यात पोहणारी पोरं, मागे स्पीकर. मासे मूर्ख नाहीत. आम्ही नऊला सामान गुंडाळलं. रविवार टाळता येत नसेल तर भिंत सोडा, पाणी जिथून तलावात येतं त्या टोकाला चालत जा. अर्ध्या तासाची पायपीट, पण तिथे कोणी येत नाही. मात्र धानाच्या बांध्यांतून जाताना धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, चाला. उन्हाळी धानाची रोवणी फेब्रुवारीत चालू असते.

परतताना नवेगावबांधला थांबलो, रॉड डिकीतच ठेवून. राष्ट्रीय उद्यान आहे (१९७५ पासून) आणि आता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे मी गळाचं नावही काढत नाही. तिथल्या तलावाचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरेनं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बघायचं ते पाणी आणि पक्षी, बस. गळ चालतो असा गैरसमज तोतलाडोह जलाशयाबद्दलही असतो. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. "ओळख आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, रॉडसकट गाडी जप्त होते. आणि गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात मी स्वतः खाण्यासाठी मासा धरत नाही. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे तिथेच पोचते, आणि तिच्यात काय असतं ते आपल्या शहराला माहीत आहे.

ट्रेननं येणाऱ्यांसाठी गोंदिया-नागभीड-बल्लारशा मार्गावर सौंदड, देवलगाव, अर्जुनी ही स्थानकं आहेत. गाड्या मोजक्याच, परतीची वेळ आधी बघून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की भल्या पहाटे जंगलालगतच्या तलावावर जाऊ नका. अस्वलं त्याच वेळी मोहाखाली असतात आणि मोह वेचायला गेलेल्यांवर दर वर्षी हल्ले होतात. जून ते ऑगस्ट गळ घरीच ठेवा. तेव्हा मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, पोटात अंडी असतात. तुटलेली नायलॉन दोरी खिशात घाला, पाळीवर टाकू नका. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानात सारस फिरतो, राज्यात इतरत्र तो जवळपास राहिलेलाच नाही. त्याच्या पायात ती दोरी अडकते. कोणी ब्लीचिंग पावडर टाकताना किंवा गोटा, म्हणजे स्फोटक, फोडताना दिसलं तर संस्थेला कळवा. विष आणि स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

शंभर रुपये जास्त का? मित्राला अजूनही वाटतात. म्हणतो, नागपूरच्या फुटाळा तलावावर फुकट बसता येतं. बसता येतं. मी हिशेब वेगळा लावतो. आमचं पेट्रोल अठराशेच्या वर गेलं, रबरी बेडूक साडेचारशेचा. शंभर रुपये फक्त ज्याचा मासा त्याला गेले. माझी तक्रार दराबद्दल नाही, दर कुठेच लिहिलेला नसतो याबद्दल आहे. पाळीवर एक पत्र्याचा फलक लावला, त्यावर दर, बंदीचे दिवस आणि सचिवाचा फोन रंगवला, तर तो मोटारसायकलवाला कोणाला फसवणार? काकाजींना हे बोललो तेव्हा ते म्हणाले, फलक लावला होता, तुमच्यासारख्याच कोणीतरी त्यावर बाटल्या फोडल्या.

रविवारी दुपारी परत त्याच पहिल्या तलावावर गेलो. जाळं ओढायचा दिवस होता. पाळीवर ताडपत्री, वजनकाटा, भोवती गावच्या बाया टोपल्या घेऊन. आमची बर्फाची पेटी दोन दिवस रिकामीच फिरत होती. दोन किलोचा रोहू घेतला, तीनशे वीस रुपये. खवले काढून दिले, वरून मूठभर झिंगे टाकले आणि सचिवानं न मागता पावती फाडली.