तुम्ही विचारलंत म्हणून: पोकरमध्ये पॉटच्या दुप्पट बेट आली तर?

टूर्नामेंट खेळणारं कुणी भेटलं की हा प्रश्न हमखास येतो. "पॉटमध्ये हजार आहेत, समोरचा रिव्हरला दोन हजार लावतो, माझ्याकडे एकच जोडी. काय करू?" (पॉट म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, बेट म्हणजे त्यात लावलेल्या नव्या चिप्स, रिव्हर म्हणजे टेबलावर उघडलेलं शेवटचं सामाईक पान.) विचारणाऱ्याला कॉल (तेवढ्याच चिप्स लावणं) किंवा फोल्ड (पानं टाकणं) एवढंच ऐकायचं असतं. तेवढ्यावर उत्तर देता येत नाही, पण विचार कुठून सुरू करायचा हे मी नक्की सांगू शकतो.

आधी किंमत बघा. अर्ध्या पॉटच्या बेटला कॉल करायचा तर शंभरातून 25 वेळा जिंकावं लागतं, पॉटइतक्या बेटला 33 वेळा आणि दुप्पट बेटला 40 वेळा. पाच वेळा कॉल केलात, दोनदा जिंकलात तर तीन-तीन हजार मिळाले, तीनदा हरलात तर दोन-दोन हजार गेले; सहा हजार आले, सहा हजार गेले. बेट पॉटच्या पाचपट असली तरी हा आकडा 45 च्या आसपासच असतो. बेट कितीही फुगवा, तो 50 ला पोचत नाही. मोठी बेट दिसली की मन म्हणतं, खात्री असेल तरच कॉल करावा. निव्वळ चिप्सच्या हिशोबात ते खरं नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: दुप्पट बेटसमोर आपल्या हातांपैकी (हात म्हणजे प्रत्येकाची दोन खासगी पानं) एक तृतीयांश हात टिकवले, तरी कुठलीही दोन पानं घेऊन ब्लफ मारणाऱ्याला, म्हणजे हातात काही नसताना बेट लावणाऱ्याला, फायदा होत नाही. उरलेले दोन तृतीयांश हात टाकून देण्यात भित्रेपणा अजिबात नाही.

आता ते 40 कुठून येणार, हे एका बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या पाच सामाईक पानांवर, बघू. बदामचा राजा, इस्पिकची अठ्ठी, इस्पिकची चव्वी, मग चौकटची दुर्री आणि शेवटी किलवरचा गुलाम. तुमच्याकडे राजा-दश्शी आहे. फ्लॉपला (पहिली तीन पानं) आणि टर्नला (चौथं पान) तुम्ही चेक-कॉल केलंत, म्हणजे स्वतः बेट न लावता समोरच्याची बेट कॉल केलीत, आणि रिव्हरला दुप्पट बेट आली. एवढी बेट मध्यम हाताने कुणी लावत नाही. राजा-राणीवाला बहुधा छोटी बेट लावेल किंवा चेक करेल, कारण दुप्पट बेटला त्याच्यापेक्षा कमजोर हात फारसे कॉल करणार नाहीत. म्हणजे समोर एकतर सेट (एकाच किमतीची तीन पानं) किंवा दोन जोड्या आहेत, नाहीतर हुकलेला इस्पिकचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं). अशा वेळी तुमची दश्शी आहे की राणी, याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दोन्ही हात फक्त ब्लफला हरवतात. फरक पडतो तो त्या दश्शीच्या रंगाने. ती इस्पिकची असेल तर समोरच्याचे काही हुकलेले फ्लश तुमच्याच हातात अडकलेत, म्हणजे ब्लफ कमी झाले. ती किलवरची असेल तर कॉल जरा बरा. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण सगळ्यांना आपली जोडी किती मोठी हेच मोजायची सवय असते.

माझं मत विचाराल, तर नेहमीच्या टेबलांवर रिव्हरची ही बेट बहुतेकदा खरी असते. हातात काही नसताना पॉटच्या दुप्पट चिप्स पुढे सारणं सामान्य खेळाडूला जड जातं. म्हणून समोरच्याचं आधीचं वागणं माहीत नसेल, तर मी फोल्डकडे झुकतो आणि पुढच्या डावाला लागतो. फ्लॉपआधी कुणी तीस ब्लाइंड (ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना लावावी लागणारी सक्तीची बेट) थेट ऑल-इन, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या चिप्स, टाकले तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बहुधा मधल्या जोड्या किंवा एक्का-राजा असतो, ज्याला फ्लॉप बघायचाच नसतो. तुमच्याकडे राण्यांची जोडी असेल तर फार विचार करू नका.

पण टूर्नामेंटमध्ये आणखी एक किंमत असते आणि विचारणारे नेमकी तीच विसरतात. टोकाचं उदाहरण घ्या. सॅटेलाइटमध्ये (जिथे बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट मिळतं) चौघं उरलेत, तिकिटं तीन, चौघांचे स्टॅक, म्हणजे चिप्सचे ढीग, सारखे. प्रत्येकाचा वाटा एका तिकिटाच्या 75 टक्के. कुणीतरी ऑल-इन टाकतो. कॉल करून जिंकलात तर तिकीट पक्कं, म्हणजे 25 टक्क्यांची भर. हरलात तर 75 टक्के गेले. ब्लाइंड बाजूला ठेवले, तर कॉलला शंभरातून 75 वेळा जिंकायला हवं. समोरचा कुठल्याही दोन पानांवर ऑल-इन टाकतोय हे माहीत असलं, तरी गुलामांची जोडी जेमतेम त्या रेषेच्या वर असते. त्याच्याकडे खराखुरा हात असेल तर राजांची जोडीसुद्धा अवघड. आणि ज्यांनी पान उचललंही नाही, त्या दोघांना तुमच्या टकरीतून फुकटात तिकीट मिळतं.

साध्या टूर्नामेंटमध्ये हे एवढं तीव्र नसतं, पण तत्त्व तेच. पहिल्या नंबरला सगळी रक्कम मिळत नाही, म्हणून चिप्स दुप्पट झाल्या तरी त्यांची किंमत दुप्पट होत नाही. मेसन माल्मुथ यांनी 1987 मध्ये मांडलेलं आयसीएम (चिप्सची बक्षिसांतली किंमत काढणारं गणित) हेच मोजतं. बबलवर, म्हणजे आणखी एकजण बाहेर गेला की उरलेल्यांचं बक्षीस पक्कं होणार असतं तेव्हा, मोठा स्टॅक मधल्या स्टॅकवर अशा बेटा मारतो, त्या हे जाणूनच. कोपऱ्यात तीन ब्लाइंड घेऊन कुणी बसलेला असेल, तर तुमचा कॉल सगळ्यात महाग, कारण तो आधी बाहेर जायची शक्यता तुम्ही सोडून देता. म्हणून पानांआधी मी स्टॅक बघतो: हरलो तर बाहेर जातोय की फक्त जखमी होतोय?

दोघंच उरले की हे ओझं उतरतं, तिथे प्रत्येक चिपची किंमत सारखी होते. 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा शेवट आठवा, सॅमी फार्हा आणि ख्रिस मनीमेकर दोघंच उरले होते. बोर्डावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी आणि बदामची तिर्री. सॅमी फार्हाकडे राणी-नव्वी, त्यातली राणी इस्पिकची. ख्रिस मनीमेकरने ऑल-इन टाकला. पहिल्याला 25 लाख डॉलर आणि दुसऱ्याला 13 लाख, म्हणजे दुसरं बक्षीस दोघांचंही आधीच पक्कं होतं; प्रश्न फक्त पॉटच्या किमतीचा होता. ती राणी हातात असल्याने समोरचे काही फ्लश कमी झाले, आणि एकच मोठं इस्पिक घेऊन हुकलेल्यांत एक्का आणि राजा शिल्लक राहिले. फार्हाने बराच विचार करून फोल्ड केलं. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि सत्ती होती, जोडीसुद्धा नाही. ती पानं माहीत नाहीत असं धरूनही हा डाव मी मांडून बघतो, आणि माझा कौल थोडासा कॉलकडे जातो.