हवालदाराच्या घरातून सुशीलकुमार शिंदेसाहेबांकडे बघताना

माझे बाबा गोवा पोलिसात हवालदार म्हणून रिटायर झाले. घर डिचोलीत, पण ड्युटी कधी म्हापसा, कधी वास्को, कधी पार काणकोण, आणि चतुर्थीला सगळं गाव गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत असायचं तेव्हा बाबा बंदोबस्ताला. रात्री झोपायच्या आधी ते ब्रासो घेऊन बेल्टचं बक्कल घासत बसायचे, बोटं काळी व्हायची पण बक्कल लखलखीत. म्हणून असेल, पोलिसातून राजकारणात गेलेला कोणी दिसला की मी पहिलं बघते, हा नोकरीत कुठल्या पायरीवर होता.

हल्ली मोठ्या हुद्द्यावरून येणारे पुष्कळ आहेत. सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते, २०१४ ला बागपतचे खासदार झाले. वाईट काही नाही त्यात. पण सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात आधी शिपाई होते, मग पोलीस सब-इन्स्पेक्टर, सीआयडीत. आमच्याकडे घरात एकाला गव्हर्मेंट जॉब लागला की देवळात नारळ ठेवतात, आणि ह्या माणसाने दलित घरातून वर येऊन मिळवलेली फौजदारकी १९७१ ला सोडून दिली, शरद पवारांच्या सांगण्यावरून, आणि ७२ च्या निवडणुकीत तिकीटच मिळालं नाही! तेव्हा त्यांच्या घरात काय वाटलं असेल हे मला न सांगता कळतं. पुढे करमाळ्याची पोटनिवडणूक लागली आणि ते आमदार झाले.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. राज्याचं बजेट नऊ वेळा मांडलं, जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले, महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री. २००४ ला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी जिंकली तरी खुर्ची विलासराव देशमुखांकडे गेली आणि ह्यांना राज्यपाल करून आंध्रला पाठवलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्यांच्या चुकाही आहेत, त्या लपवायच्या नाहीत मला. जुलै २०१२ ला ते केंद्रात वीजमंत्री होते, सलग दोन दिवस उत्तरेची ग्रीड कोसळली, अर्धा देश अंधारात (पश्चिमेची ग्रीड टिकली म्हणून आपल्या गोव्यात लाइट होती) आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशीच ह्यांना गृहमंत्री केलं. लोक चिडले ते बरोबरच होतं.

पण त्याच वर्षीचा २१ नोव्हेंबर मी विसरू शकत नाही. सकाळी टीव्ही लावला तर येरवड्यात कसाबला फाशी दिल्याची बातमी. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज ५ तारखेला फेटाळला, शिंदेंनी ७ तारखेला सही केली, ८ ला फाईल महाराष्ट्राकडे, आणि मधले दोन आठवडे बाहेर कुणाला पत्ता नाही. बाबा तेव्हा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, चहा तसाच थंड झाला आणि ते एवढंच म्हणाले, "तुकाराम ओंबळे." गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना ज्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली ते ओंबळे, असिस्टंट सब-इन्स्पेक्टर. आणि सही करणारा गृहमंत्री एकेकाळचा सब-इन्स्पेक्टर, म्हणजे दोघांच्या हुद्द्यात फक्त एक पायरी. बाबांना हे लगेच दिसलं, मला नंतर.

पुढे २०१४ आणि २०१९ दोन्ही वेळा सोलापुरात शिंदे हरले, २०२४ ला त्यांची मुलगी प्रणिती तिथून खासदार झाली.

माझा भाचा सध्या सब-इन्स्पेक्टरच्या परीक्षेची तयारी करतोय. पहाटे मैदानावर पळून येतो, मग पुस्तकं उघडतो. परवा त्याने आजोबांना विचारलं की पोलिसात जाऊन पुढे राजकारणात जाता येतं का, तर बाबा उठले, कपाटातून तो जुना बेल्ट काढला आणि म्हणाले, "आधी हे घासून दाखव."