समोर पेशंट असताना संशोधनाला देणगी कशाला?

“शेजारच्या घरात पेशंट आहे, त्याच्या केमोला पैसे कमी पडत आहेत, आणि तुम्ही संशोधनासाठी देणगी मागता?” सांगलीत आम्ही काही निवृत्त शिक्षक दरवर्षी कॅन्सर संशोधनासाठी वर्गणी गोळा करतो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे कळवळाच असतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोलापूर ओलांडून धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांचे 52 गट पाडून 30 ते 59 वर्षे वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांना त्यात सामावून घेण्यात आले. कोणत्या तपासणीने खरोखर जीव वाचतात, एवढेच शोधायचे होते. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी हे काम केले आणि त्याचा खर्च गेट्स फाउंडेशनच्या अनुदानातून झाला, म्हणजे देणगीतूनच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या गटांत एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची चाचणी एकदाच केली होती, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. आज जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक तपासणीसाठी याच चाचणीची शिफारस करते. शेतात राबणाऱ्या, आपले दुखणे अंगावर काढणाऱ्या आपल्याच मुलखातील बायकांमुळे जगाला हे कळले, याचा मला फार अभिमान वाटतो. त्या देणगीतला मोठा वाटा गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या, नमुने तपासणारी प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी यांवरच खर्च झाला असणार. दात्याला असा खर्च डोळ्यांनी दिसत नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

औषध कंपन्या संशोधन करतातच की, असेही काही जण म्हणतात. पण जिथे नफा नाही, तिथे त्या कशाला येतील? स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे जुने, स्वस्त औषध टोचले, तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे 86 वरून 90 टक्क्यांवर जाते, असे टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील, सुमारे 1600 स्त्रियांच्या अभ्यासात दिसले. पेटंट नसलेल्या औषधावर एवढी मेहनत घ्यायची, तर पैसा समाजाकडूनच यायला हवा, मग तो करातून येवो की देणगीतून.

आपली सांगली हळदीची पेठ, त्यामुळे हळदीने कॅन्सर बरा होतो असे संदेश मला रोज येतात. प्रयोगशाळेतील पेशींवर दिसलेला परिणाम माणसाच्या शरीरात तसाच होतो का, हे माणसांवरील रीतसर चाचण्यांशिवाय ठरवता येत नाही. आणि अशा संदेशांवर भिस्त ठेवून उपचार लांबवणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

शेजारच्या पेशंटला मदत जरूर करावी, आम्हीही करतो. आज त्याला मिळणारी केमोसुद्धा कुणीतरी पूर्वी केलेल्या चाचण्यांतूनच आली आहे, म्हणून वर्गणीचा एक भाग आम्ही संशोधनासाठी राखून ठेवतो. तो देण्यापूर्वी पैसा कोणत्या अभ्यासाला जाणार, त्याला नैतिकता समितीची, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीची, मान्यता आहे का, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध होणार का, हे संस्थेला लेखी विचारतो. तुम्हीही देणार असाल, तर हे तीन प्रश्न जरूर विचारा.