नवी जांभ्याची भिंत धुताना

रत्नागिरी-लांजा भागात मुंबईकर मंडळी जी घरं बांधतात, त्यांची ताबा देण्याआधीची धुलाई मी बघते. वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते, आमंत्रणं गेलेली असतात आणि जांभ्याच्या घडीव दगडांवर, म्हणजे चिऱ्यांवर, सिमेंटचे शिंतोडे तसेच असतात. घाईच्या त्या दिवसांत एखादा बिगारी विचारतोच, "ताई, अ‍ॅसिड मारू काय?" जांभ्यावर नाही म्हणजे नाही.

जांभा लाल दिसतो तो त्यातल्या लोहामुळे. अ‍ॅसिड दर्जांमधलं, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांमधलं, सिमेंट खातं आणि दगडातलं लोह सोडवतं, मग भिंतभर पिवळट ओघळ उतरतात. ते काढायला आणखी अ‍ॅसिड लावलं की डाग वाढतात. शिवाय त्याच्या वाफांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि स्टीलचं रेलिंग डागाळतं. पायऱ्यांना कडप्पा असेल तर त्याचंही पॉलिश उडतं, कारण कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड.

सिमेंट काढायची खरी वेळ दर्जा भरतानाची. तेव्हाच ओल्या गोणपाटाने चिरा पुसून घेतला तर पुढचं अर्धं काम वाचतं. सुकलेला गोळा मी जांभ्याच्याच तुकड्याने घासायला लावते. तुकडा झिजतो, त्याची लाल भुकटी छिद्रांत बसते आणि घासलेली जागा शेजारच्या दगडात मिसळून जाते. तारेचा ब्रश मात्र भिंतीला लावू देत नाही. त्याचे बारीक तुकडे छिद्रांत अडकतात आणि पहिल्याच पावसात गंजतात. छज्ज्यावर पडलेले बाइंडिंग वायरचे तुकडेही असाच घात करतात. लोहचुंबक फिरवला की पटापट गोळा होतात.

नव्या भिंतीवर पांढरा खार फुटला की लोक लगेच पाईप धरतात. खार पाण्यात विरघळतो, भिंत तो परत पिऊन घेते आणि सुकली की पुन्हा बाहेर टाकते. म्हणून आधी कोरड्या कुंच्याने झाडून खाली गोळा करून उचलायचा. धुणं त्यानंतर.

धुण्यातलं मर्म एकच: मळकट पाणी कोरड्या भिंतीवरून वाहता कामा नये. कोरडा जांभा पाणी ओढून घेतो आणि पाण्याबरोबर मळही आत जातो. म्हणून आधी अख्खी भिंत साध्या पाण्याने चिंब करायची, खालचा भाग तर सतत ओला ठेवायचा. सौम्य साबणाचं पाणी लावायचं ते खालून वर, आणि खळबळून काढायचं वरून खाली. साबण भिंतीवर वाळू द्यायचा नाही. ऊन अंगावर असलेली भिंत कधीच घेऊ नये: पश्चिमेची सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. पंपाचा जोरही बेताचाच हवा. जांभ्याच्या छिद्रांतली मऊ माती आणि कोवळ्या दर्जा जोराच्या धारेने उडून जातात.

नव्या चिऱ्यांचं पहिलं पाणी चहासारखं लाल येतं. खाली जोत्याला पांढरा रंग मारून झाला असेल तर तो पार माखतो. म्हणून रंगाऱ्याला मी आधीच सांगून ठेवते, जोतं शेवटी. रंग लागलाच असेल तर जोत्यावर प्लॅस्टिक अंथरून त्याची वरची कड टेपने भिंतीला पक्की चिकटवायची, नाहीतर पाणी मागून उतरतं. निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पाईप बंद करायचा नाही.

काचांचं वेगळं. बोअरच्या पाण्यात क्षार असले तर सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटचा हात विहिरीच्या किंवा टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्यावा आणि काच रबरी पट्टीने लगेच ओढून घ्यावी.

हल्ली धुऊन झाल्यावर चिऱ्याला चकाकी आणणारं लॅकर मारायची हौस आली आहे. मला ती अजिबात पटत नाही. आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. पाणी रोखायचंच असेल तर भिंतीला श्वास घेऊ देणारं, सिलेन-सिलोक्सेनचं पाण्यासारखं पातळ द्रावण घ्यावं, आणि तेही भिंत आतून पूर्ण वाळल्यावर. तेवढ्यासाठी वास्तुशांती पुढे ढकलायचं कारण नाही. पाहुणे गेल्यावर, पावसाळ्याआधी सवडीने मारलं तरी चालतं.