तुम्ही विचारलंत म्हणून: वाकड्या कोपराचा सरळ बॉल

मी पुण्यात एका ड्रायव्हिंग रेंजवर नवख्यांना गोल्फ शिकवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण चाळिशी ओलांडलेले असतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ते आपली दुखणी सांगतात: पाठ, गुडघा, खांदा. मग मी कॅल्विन पीटचं नाव घेतो. आणि मग हमखास प्रश्न येतो, "सर, हा पीट कोण? टायगर वूड्स माहितीये, याचं नाव कधी ऐकलं नाही." दर वेळी तुकड्या-तुकड्यांत सांगतो. आज नीट सगळं लिहितो.

कॅल्विन पीट अमेरिकेचा. जन्म 1943 चा, डेट्रॉइटमधला. एकोणीस भावंडांतला एक. घर शेतमजुरांचं, काळ्या कुटुंबाचं. लहानपणी झाडावरून पडला आणि डावं कोपर मोडलं. हाड जुळलं ते वाकडंच, त्यानंतर तो हात पूर्ण सरळ असा कधी झालाच नाही. पुढे कुटुंब फ्लोरिडात पहोकी नावाच्या गावी राहिलं, ओकीचोबी तळ्याच्या काठी. पोरानं आठवीच्या आसपास शाळा सोडली, शेतात भाजी तोडली. मग एक जुनी स्टेशन वॅगन घेतली आणि फेरीवाला झाला. मजुरांचे तांडे हंगामाप्रमाणे फ्लोरिडातून उत्तरेकडे सरकायचे, त्यांच्या मागोमाग हा कपडे, दागिने घेऊन जायचा. समोरच्या दातांत हिऱ्याच्या बारीक कण्या बसवून घेतल्या होत्या. गिऱ्हाईक चेहरा विसरत नसे.

1966 साली तो न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला होता. वय 23. जेवायला जाऊ म्हणून मित्रांनी गाडीत बसवलं आणि थेट जेनेसी व्हॅली पार्कच्या सार्वजनिक गोल्फ कोर्सवर नेलं. तोवर हा खेळ त्याला खुळचटपणा वाटायचा, उन्हात पांढऱ्या बॉलच्या मागे कोण धावणार? परतीची सोय नव्हती, म्हणून चार फटके मारले. तिथून सुटला नाही. सहा महिन्यांत अठरा होलची (भोकांची) फेरी 80 पेक्षा कमी फटक्यांत खेळायला लागला आणि दीड वर्षात पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित असतात तेवढ्या फटक्यांत. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. बरीचशी विद्या पुस्तकं वाचून आणि बॉल मारमारून मिळवलेली. 1971 मध्ये व्यावसायिक झाला. पीजीए टूर म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मुख्य मालिका. तिच्या पात्रता स्पर्धेत दोनदा अपयश आलं, तिसऱ्या खेपेला, 1975 मध्ये, आत गेला. ज्या संघटनेनं, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीएनं, सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी असं आपल्या नियमात लिहून ठेवलं होतं, आणि तो नियम 1961 पर्यंत काढला नव्हता, तिच्या दुनियेत तो पाऊल टाकत होता. चार्ली सिफर्ड, ली एल्डर या काळ्या खेळाडूंनी त्याच्या आधी तो दरवाजा अंगानं रेटून उघडला होता, हे विसरून चालणार नाही.

आता कोपराकडे येतो, कारण खरं तर तुम्ही तेच विचारत असता.

उजव्या हातानं खेळणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सांगतात, डावा हात सरळ ठेवा. मीही सांगतो. का? डावा खांदा हे केंद्र धरा, हात आणि क्लब (गोल्फची काठी) मिळून त्रिज्या. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे-वर नेताना, कोपर दुमडलं की त्रिज्या आखडते. खाली येताना ती नेमकी तेवढीच परत लांबली पाहिजे, आणि तेही क्षणभरात. जराशी कमी लांबली तर बॉलच्या डोक्यावर लागतं, जास्त लांबली तर आधी माती. म्हणून सरळ हात.

पीटचा हात सरळ नव्हता, पण हाड अडून बसल्यामुळे तो वर जातानाही तेवढाच वाकडा आणि खाली येतानाही तेवढाच. त्रिज्या बदलत नव्हती. मी वर्षानुवर्षं लोकांचे हात पाहतोय, मला त्याचं एवढंच गमक दिसतं. सरळपणा हे साधन आहे, हवा आहे तो सारखेपणा. तो लांब मारणाऱ्यांतला नव्हता. पण 1981 ते 1990, ओळीनं दहा वर्षं, टी वरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, बॉल फेअरवेत (कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) ठेवण्यात टूरवर पहिला तोच. बहुतेक मोसमांत शंभरात ऐंशीच्या वर वेळा. दहा वर्षं! एखाद्या मोसमात कुणाचाही हात चालतो, याचा दहा मोसम चालला.

माझ्याकडे एक निवृत्त काका येतात, कोपरात प्लेट आहे. महिनाभर ते हात ताणून सरळ करायला बघायचे, दात-ओठ खाऊन. बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एकदा मी त्यांच्या कोपराखाली बोट धरलं आणि म्हटलं, काका, जेवढा जातो तेवढाच जाऊ द्या, फक्त हा कोन मोडू नका. हातात सात नंबरची आयर्न होती, मध्यम अंतराचा लोखंडी क्लब. तिसऱ्या बॉलला तो कोरडा, भरीव आवाज आला. ते क्लब खाली न घेता तसेच उभे राहिले, बॉल कुठे पडला ते बघत.

पहिला विजय 1979 मध्ये, मिलवॉकीला. त्यानंतरचे अकरा 1982 ते 1986 या पाच मोसमांतले, म्हणजे चाळिशीच्या अल्याड-पल्याडचे. एकूण बारा. टायगर वूड्स येईपर्यंत कुठल्याही काळ्या खेळाडूचे टूरवर एवढे विजय नव्हते. 1984 मध्ये फेरीमागे फटक्यांच्या सर्वांत कमी सरासरीची व्हार्डन ट्रॉफी. मेजर, म्हणजे गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, मात्र एकही नाही, हे मी लपवत नाही. पुढे पाठीनंही साथ सोडली.

मला सगळ्यात जास्त भावतो तो मात्र ट्रॉफीचा प्रसंग नाही. रायडर कप म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप असा सांघिक सामना. तेव्हा त्यात अमेरिकेकडून खेळायचं तर पीजीएचं सभासदत्व लागायचं, आणि त्यासाठी हायस्कूल पास असणं किंवा समकक्ष परीक्षा देणं सक्तीचं होतं. पीटकडे ते प्रमाणपत्र नव्हतं. त्याच 1982 मध्ये, चार स्पर्धा जिंकल्या त्या वर्षी, त्यानं ती परीक्षा दिली. पस्तिशी उलटलेला, नावाजलेला खेळाडू पुन्हा पुस्तक घेऊन बसला आणि पास झाला. 1983 चा रायडर कप फ्लोरिडात पाम बीच गार्डन्सला झाला. पहोकी त्याच पाम बीच कौंटीत आहे. जिथे शेतात राबला, त्याच जिल्ह्यात तो देशाचा खेळाडू म्हणून उतरला. अमेरिका एका गुणानं जिंकली.

तो 2015 मध्ये गेला, वय 71.

"व्हिडिओ आहे का?" असंही तुम्ही विचारता. 1985 ची प्लेअर्स चॅम्पियनशिप शोधा, फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सवरची. शेवटच्या दिवशी 66 फटक्यांची फेरी खेळून तो तीन फटक्यांनी जिंकला, वय 41. सतरावं होल बघा, चहूकडे पाणी आणि मधे बेटासारखं ग्रीन (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा), जिथे भल्याभल्यांचे बॉल बुडतात. बॉल झेंड्याजवळ जाऊन पडतो, सगळे तिकडेच बघतात. तुम्ही पहिल्यांदा तिकडे बघू नका. मागे घेऊन परत लावा, आणि बॅकस्विंग सुरू झाला की त्याच्या डाव्या कोपरावर नजर ठेवा.