४९ दिवस, १७ तास

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. एका बाजूला आम्ही फर्मवेअरवाले, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणारे: सी भाषा, टेबलावर उघडे बोर्ड, सोल्डरिंगचा वास. काचेपलीकडे सर्व्हरचं काम करणारे, पायथन या सोप्या भाषेत लिहिणारे पायथनवाले. माटुंग्याला शिकताना मी ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर ३ई, ७६ असे सूचनांचे आकडे एकेक करून बोटांनी भरलेत, त्यामुळे बाइट न् बाइट मोजून वापरायची सवय. पलीकडे चार ओळींत काम उरकणाऱ्यांना मी प्रोग्रामर म्हणतच नसे. "त्यांचं पायथन चालवणारा इंटरप्रिटरसुद्धा सीमध्येच लिहिलाय," हे माझं ठरलेलं वाक्य, आणि ते मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो.

आमचा डबा औषधांच्या फ्रीजमध्ये बसतो. इन्सुलिन, लसी २ ते ८ अंशांतच राहाव्या लागतात. डबा दर ५ मिनिटांनी तापमान सर्व्हरला कळवतो. पावसाळ्याआधी परळ, दादर, गिरगावातले डबे अधूनमधून गप्प व्हायला लागले. माणूस पाठवून स्विच बंद-चालू केला की पुन्हा सुरळीत. भिवंडीच्या गोदामांतले डबे मात्र बिनतक्रार. फर्मवेअर सगळीकडे एकच, मग दोष आमचा कसा? तीन आठवडे मी सर्व्हरकडे बोट दाखवत राहिलो.

मग एका रात्री परळच्या एका दुकानातला फ्रीज बिघडला. डबा आधीच गप्प होता, कुणाला पत्ताच लागला नाही. सकाळी दुकानदाराला सगळं इन्सुलिन टाकून द्यावं लागलं.

त्याच दुपारी पायथनवाल्यांतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन काचेच्या अलीकडे आली. नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले.

"सर, एक दाखवू? प्रत्येक डबा चालू झाल्यापासून गप्प होईपर्यंत किती वेळ गेला, ते काढलंय."

सहा डबे, सहा आकडे एकाखाली एक. सगळीकडे ४९ दिवस, १७ तास.

"आणि भिवंडीत वीज जाते ना, सर. डबा आपोआप नव्याने सुरू होतो. तिथला एकही डबा सलग इतके दिवस चाललेलाच नाही."

माझ्या पोटात खड्डा पडला. डब्यातला ३२ बिटांचा काउंटर डबा चालू झाल्यापासून मिलिसेकंद मोजत ४२९४९६७२९५ पर्यंत, म्हणजे ३२ बिटांत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत जातो आणि उलटून शून्यावर येतो. त्याला लागतात ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं, ४७ सेकंद. विंडोज ९५ आणि ९८ याच मुक्कामाला अडकत. हा आकडा तिला माहीत नव्हता, मला तोंडपाठ होता. तरी तो शोधला तिने, कारण ती सगळे डबे एकदम बघत होती आणि मी माझ्या टेबलावरच्या एकाच बोर्डात डोकं घालून बसलो होतो.

कोड उघडला. शेवटचं रीडिंग पाठवल्याची वेळ मी ६४ बिटांत, म्हणजे त्याहून कितीतरी मोठा आकडा मावेल अशी ठेवलेली, जास्तीची खबरदारी म्हणून. चालू वेळ मात्र ३२ बिटांत. शेवटची वेळ अधिक ५ मिनिटं, याच्या पुढे चालू वेळ गेली की पाठव, अशी अट. उलटण्याआधीची ती बेरीज ३२ बिटांच्या मर्यादेपलीकडे गेलेली, त्यामुळे काउंटर एकदा उलटला की ती त्याला कधीच गाठता येत नाही.

"दोन्ही ३२ बिटांत ठेवून चालू वेळेतून शेवटची वेळ वजा करायची," मी म्हटलं.

"मग उत्तर उणे नाही येणार?"

"घड्याळात ११ ला निघालीस, २ ला पोचलीस. किती तास?"

"तीन... अच्छा!"

दुरुस्ती दोन ओळींची. पण तपासायला ४९ दिवस कोण थांबणार? तिने विचारलं, "काउंटर शून्यापासूनच का सुरू करायचा?" लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नेमकं हेच करतो. त्याचा ३२ बिटांचा काउंटर मशीन सुरू झाल्यावर ५ मिनिटांत उलटेल अशा आकड्यापासून मुद्दाम चालू होतो. तिने हे कुठे वाचलेलं नव्हतं. मी तिला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली.

काउंटर उलटायला ७ मिनिटं उरतील असे दोन डबे लावले, एकात जुना कोड, एकात नवा. पाचव्या मिनिटाला दोघांची रीडिंग्ज आली. सातवं मिनिट गेलं. काचेपलीकडचे सगळे येऊन माझ्या टेबलाभोवती उभे. दहाव्या मिनिटाला तिच्या स्क्रीनवर एकच ओळ उमटली, नव्या डब्याची.

मी फोन उचलला आणि परळच्या दुकानदाराचा नंबर लावला. चूक कुणाची होती, ते त्यांना माझ्याकडूनच कळायला हवं होतं.